म्यूनिक विमानतळावर शेवटची बिअर कशी प्यावी

चाकणहून कंपनीच्या कामासाठी मला जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात वरचेवर जावं लागतं. परतीच्या दिवशी मी विमानाच्या साडेचार तास आधीच म्यूनिक विमानतळ गाठतो, कारण तिथे एअरब्रॉय आहे. विमानतळाच्या आवारातच बिअर बनवणारी ब्रुअरी! दोन टर्मिनलांच्या मध्ये छत घातलेला मोठा चौक आहे, त्याला लागूनच. एस-१ किंवा एस-८ लोकलने आलात तर स्टेशन याच चौकाखाली आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ही जागा सिक्युरिटीच्या बाहेर आहे. आधी बॅगा जमा करा, बोर्डिंग पास घ्या आणि मग निवांत बसा. पहिल्या खेपेला मी सवयीने सगळे सोपस्कार उरकून आत गेलो. पासपोर्टवर शिक्का बसला होता, परत फिरायची सोय नव्हती. फार हळहळ वाटली. म्यूनिकला नुसतं विमान बदलून पुढे अमेरिकेला जायचं असेल आणि शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा सामायिक व्हिसा) नसेल, तर बाहेर येताच येत नाही.

आत बिअर शिजवायचे तांब्याचे मोठे हंडे समोरच दिसतात. सुरुवात ‘कुमुलुस’ने करा. ही गव्हाची बिअर, अर्ध्या लिटरच्या उंच ग्लासात येते, गढूळ सोनेरी, वर बोटभर फेस. लगेच घोट घेऊ नका. नाक जवळ न्या. पिकलेल्या केळ्याचा आणि मागून लवंगेचा वास येईल. त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. तो सगळा वास यीस्ट तयार करतं. ज्या मुलखात बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) एवढंच घालावं असा नियम १५१६ साली झाला, तिथे हे एका किण्वनातून साधतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं. कडवटपणा अगदी कमी, त्यामुळे नवख्यालाही ती आवडते. साधी, हलकी हवी असेल तर ‘फ्लीगरक्वेल’ घ्या. ‘आविआटोर’ मिळाली तर दोघांत एकच मागवा. ती डोपेलबॉक या कडक जातीची आहे. अशा बिअरमध्ये अल्कोहोल साधारण सात टक्क्यांच्या पुढे असतं आणि ती गोडसर लागते म्हणून पटकन संपते.

खाण्याचं बघून मागवा. प्रसिद्ध पांढऱ्या सॉसेजमध्ये, म्हणजे वाइसवुर्स्टमध्ये, वासराचं मांस असतं. मी ते खात नाही, म्हणून डुकराचा रोस्ट घेतो. खात असाल तर दुपारच्या आत, गोड मोहरीबरोबर आणि वरची साल काढून खा.

शाकाहारी सहकाऱ्यांना मी ओबाट्स्डा सुचवतो: मुरलेलं कामांबेर चीज लोण्यात कुस्करून, त्यात पाप्रिका (लाल मिरचीची सौम्य पूड) आणि थोडी बिअर. वर कच्च्या कांद्याच्या चकत्या. ब्रेत्सेलचा, म्हणजे पीळ घातलेल्या खाऱ्या पावाचा, जाड भाग तोडून त्याने हे उचलायचं. आतला मऊ पाव, बाहेरचं खडं मीठ आणि चीजचा उग्र वास एकत्र आला की कुमुलुसचा दुसरा घोट पहिल्यापेक्षा छान लागतो.

ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून ‘प्रोस्ट’ म्हणा, तिथे ते मानतात. टीप टेबलावर ठेवू नका; बिल २७ युरो झालं तर पैसे देतानाच ‘३०’ असं सांगा. आणि उठण्याआधी एक बाटली पाणी प्या, पुढे मुंबईपर्यंत आठेक तास विमानातली कोरडी हवा आहे.