ड्रिल पाईप डेकवर आला की आधी टोकं बघ

मुरूड-अलिबागकडची पोरं आयटीआय करून समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर लागली की टॉप ड्राइव्हकडे, म्हणजे वरून पाईप फिरवणाऱ्या यंत्राकडे, बघत उभी राहतात. अरे, ते ड्रिलर बघेल. तुझ्या हातात पाईप येणार आहे, तो बघायला शीक.

5 इंची पाईप साधारण साडेनऊ मीटर लांब, वजन 300 किलोच्या आसपास. त्याच्या पोटातून मड, म्हणजे खोदकामाचा पातळ चिखल, खाली जातं, बिटच्या (तळाशी दगड फोडणाऱ्या टोकाच्या) नोझलमधून सुटतं आणि बाहेरच्या फटीतून दगडाचा चुरा घेऊन वर येतं. बिटला फिरवायचा जोरही पाईपमधूनच जातो. बिटवर भार मात्र खालचे जाड, जड नळे, म्हणजे ड्रिल कॉलर, देतात. ओळंब्याची दोरी खालच्या वजनाने ताठ राहते, तसा पाईप ताणातच हवा. त्याच्यावर दाब आला तर तो वाकतो, आणि वाकलेला फिरत राहिला की थकून तुटतो.

2000 मीटरच्या विहिरीत असे 200 हून जास्त जोड. बॉम्बे हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवर. तुटलेला तुकडा विहिरीतून काढायला लागणारं सामान न्हाव्याच्या पुरवठा तळावरून बोटीने येईपर्यंत रिगचं भाडं चालूच.

म्हणून न्हाव्याहून आलेला पाईप रॅकवर ठेवला की दोन्ही टोकांचे प्रोटेक्टर, म्हणजे टोपणं, काढ. जुनं डोप (आट्यांना लावायचं ग्रीस) डिझेलने धू, फडक्याने कोरडं कर. खारी हवा उघड्या आट्यांना फार लवकर गंज धरवते, पावसाळ्यात तर विचारूच नको. आता पिनच्या, म्हणजे बाहेरून आट्या असलेल्या टोकाच्या, मुळाशी जो सपाट कडा असतो, त्याला शोल्डर म्हणतात, त्यावरून हातमोजा काढून बोट फिरव. नवीन पोरांना वाटतं मड आट्या अडवतात. नाही. आट्या फक्त आवळून धरतात. मड अडतं ते पिनचं शोल्डर बॉक्सच्या, म्हणजे आतून आट्या असलेल्या टोकाच्या, तोंडावर घट्ट बसल्यामुळे. तिथे कडेपासून कडेपर्यंत गेलेला एक ओरखडा असला तरी दोन-तीन हजार पीएसआयचं मड त्यातून वाट काढतं आणि पोलाद खात जातं. पंपाचे स्ट्रोक तेवढेच, पण प्रेशर हळूहळू उतरतंय, म्हणजे कुठेतरी मडने भोक पाडलंय, वॉशआउट झालाय. असं शोल्डर कानशीने घासून गुळगुळीत करायच्या फंदात पडू नकोस. पाईप बाजूला काढ, खडूने लिही, सुपरवायझरला दाखव. रंगाचे पट्टेही बघ: दोन पांढरे म्हणजे प्रीमियम (वापरलेला पण चांगला), लाल म्हणजे भंगार.

आतून रॅबिट, म्हणजे पाईप मोकळा आहे का बघायचा ठोकळा, सोडल्याशिवाय पाईप फ्लोअरवर पाठवू नये. चिंध्या, हातमोजे, एकदा तर आख्खा पाना निघालाय.

डोपचा डबा तळापासून ढवळ, धातूची पूड खाली बसलेली असते. आट्या आणि शोल्डर, दोन्हींना लाव. केसिंगचं (विहिरीच्या भिंतीला धरून ठेवणाऱ्या पाईपचं) डोप इथे चालत नाही, घर्षण वेगळं असल्यामुळे टॉर्कचा आकडा फसतो. पिन बॉक्समध्ये उतरवताना आपटू देऊ नकोस, आणि त्या फटीत बोट कधीच नाही. टाँग (जोड आवळायचा मोठा पाना) टूल जॉइंटवर, म्हणजे टोकाच्या जाड भागावर, लावायचा, स्लिप (पाईप लटकता धरणाऱ्या पाचरी) पाईपच्या अंगावर; उलटं केलंस तर पाईपचं वाटोळं.

मोजमाप घेताना टेप बॉक्सच्या तोंडापासून पिनच्या शोल्डरपर्यंतच धर. पिनच्या आट्या बॉक्समध्ये शिरतात, त्या मोजल्यास तर टॅलीत, म्हणजे पाईपांच्या लांबीच्या हिशेबात, विहीर आहे त्यापेक्षा वीसेक मीटर जास्त खोल दिसेल, आणि केसिंग कुठे बसवायचं यावरून वर भांडण लागेल.