गेटसीडब्ल्यूडी फंक्शन नीट टेस्ट कसं करायचं

सी भाषेतलं गेटसीडब्ल्यूडी म्हणजे प्रोग्रॅम आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभा आहे ते सांगणारं फंक्शन. पहिलं आर्ग्युमेंट बफर, म्हणजे उत्तर लिहायची मेमरीतली जागा, दुसरं त्या बफरची साइज, जमलं तर बफरचाच पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत, नाही जमलं तर नल म्हणजे रिकामा पॉइंटर आणि एर्नो नावाच्या व्हेरिएबलमध्ये कारणाचा एरर कोड. एवढं साधं दिसतं म्हणून बहुतेक जण टेस्ट लिहितात ती पण साधीच, ४०९६ चा बफर घ्या, कॉल करा, प्रिंट करा, पाथ बरोबर दिसला की झालं. माझं म्हणणं असं की एवढ्याने जवळजवळ काहीच टेस्ट झालं नाही, कारण या फंक्शनमधले बग निघाले आहेत ते बहुतेक कडेला, म्हणजे बफर अगदी छोटा असताना, पाथ अति लांब असताना, किंवा फोल्डरच गायब झालेला असताना.

टेस्ट लिहायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करा. करंट डिरेक्टरी, म्हणजे प्रोग्रॅम उभा आहे ते फोल्डर, ही अख्ख्या प्रोसेसची (चालू असलेल्या प्रोग्रॅमची) एकच असते, त्यात समांतर चालणाऱ्या थ्रेडची वेगळी नसते. त्यामुळे एका टेस्टने चेंजडिर केलं, म्हणजे फोल्डर बदललं, आणि मध्येच फेल झाली की पुढच्या सगळ्या टेस्ट भलत्याच फोल्डरमध्ये चालतात, आणि मग जो एरर दिसतो त्याचा खऱ्या कारणाशी काही संबंध नसतो, मी एकदा अर्धा दिवस अशाच एका भलत्या टेस्टच्या मागे घालवलाय. उपाय सोपा आहे, प्रत्येक टेस्ट फोर्क करून, म्हणजे प्रोसेसची प्रत काढून, त्या चाइल्ड प्रोसेसमध्ये चालवा, चाइल्डने एक्झिट कोडने सांगायचं पास का फेल, पॅरेंट जिथे होता तिथेच राहतो. फोर्क नको असेल तर सुरुवातीला डॉट (करंट डिरेक्टरीचं छोटं नाव) ओपन करून त्याचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलचा नंबर, धरून ठेवा आणि शेवटी एफचेंजडिरने परत या. पाथ स्ट्रिंग साठवून तिच्यावरून परत यायचं म्हणू नका, ज्या फंक्शनची परीक्षा घेतोय त्याच्याच उत्तरावर विसंबल्यासारखं होतं ते.

आता उत्तर बरोबर आहे हे ठरवायचं कसं. एमकेडीटेम्पने टेम्प फोल्डर बनवलं, त्यात चेंजडिर केलं, आणि गेटसीडब्ल्यूडीचं उत्तर त्याच स्ट्रिंगशी स्ट्रकम्पने जुळवलं, असं सगळ्यात आधी सुचतं. लिनक्सवर हे बहुतेक वेळा पास होतं, पण मॅकवर फेल होतं, कारण तिथे टीएमपी ही प्रायव्हेट फोल्डरच्या आतल्या टीएमपीकडे जाणारी सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारं नाव, आहे, आणि गेटसीडब्ल्यूडी कधीच सिमलिंक असलेला पाथ देत नाही, खरा पाथ देतं. बग फंक्शनमध्ये नाही, टेस्टमध्ये आहे. शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पीडब्ल्यूडी व्हेरिएबलशी जुळवलं तरी हाच घोटाळा, शेल तुम्ही ज्या वाटेने आलात ती वाट लक्षात ठेवतं. म्हणून फाइलची माहिती देणारे दोन स्टॅट कॉल करा, एक डॉटवर, एक मिळालेल्या पाथवर, आणि डिव्हाइस नंबर आणि आयनोड नंबर (डिस्कवरचा त्या फोल्डरचा ओळख क्रमांक) दोन्ही सारखे आहेत का बघा. त्यासोबत पाथ स्लॅशने सुरू होतोय आणि त्यात कुठे एकटा डॉट किंवा डबल डॉट (वरचं फोल्डर) घटक म्हणून नाही, एवढं तपासा. मग मुद्दाम एक सिमलिंक बनवून तिच्यातून आत जा आणि उत्तरात सिमलिंकचं नाव येत नाही याचीही टेस्ट ठेवा.

आता बफरची साइज, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. समजा पाथची लांबी एल बाइट आहे, तर शेवटचा शून्य बाइट धरून एल अधिक १ लागतात. लूप लावा, साइज १ पासून एल अधिक ३ पर्यंत, एकही न सोडता. एल पर्यंतच्या प्रत्येक साइजला नल आणि एर्नो ईरेंज (जागा पुरत नाही) यायला हवा, एल अधिक १ पासून पुढे प्रत्येक वेळी तेच उत्तर. साइज ० आणि बफर नल नसेल तर ईइन्व्हॅल (चुकीचं आर्ग्युमेंट). दर कॉलच्या आधी एर्नो शून्य करा म्हणजे मागच्या कॉलचा उरलेला आकडा फसवणार नाही, आणि कॉल यशस्वी झाला असेल तर एर्नोकडे बघूच नका, तेव्हा त्यात काहीही असू शकतं.

नुसतं रिटर्न व्हॅल्यू बघून भागत नाही, फंक्शनने हद्द ओलांडून लिहिलं का ते पण बघायचं. बफर खरा मोठा घ्या, सगळा १६५ सारख्या एकाच बाइटने भरा, मधल्या जागेचा पॉइंटर द्या आणि साइज छोटी सांगा, कॉलनंतर सांगितलेल्या जागेच्या आधीचे आणि नंतरचे १६-१६ बाइट जसेच्या तसे आहेत का तपासा. नंतरचेच नाही, आधीचेही, हे विसरू नका, कारण जीलिबसीमध्ये, म्हणजे बहुतेक लिनक्सवर असणाऱ्या सी लायब्ररीमध्ये, नेमकं हेच झालं होतं. सुरक्षा त्रुटींच्या सीव्हीई यादीत सीव्हीई २०२१-३९९९ म्हणून नोंद आहे, बफरची साइज बरोबर १ असेल, करंट डिरेक्टरीचा पाथ अति लांब असेल आणि त्याच फोल्डरवर रूट (सगळ्यात वरचं फोल्डर) माउंट केलेला, म्हणजे जोडलेला, असेल तर एक बाइट बफरच्या बाहेर लिहिला जायचा. दुरुस्ती जीलिबसी २.३५ मध्ये आली, आता साइज १ आली की सरळ ईरेंज देऊन मोकळं होतं, कारण सगळ्यात छोटा पाथ म्हणजे एकटा स्लॅश, त्यालाही २ बाइट लागतात. साइज १ ची टेस्ट कुणी लिहीत नाही आणि ती का लिहायची त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. हो, आणि फेल झाल्यावर बफरच्या आत काय आहे यावर काहीही असर्ट करू नका, म्हणजे ते अमुकच असायला हवं असं तपासू नका, युनिक्सचं स्टँडर्ड पॉझिक्स म्हणतं की तेव्हा आतला मजकूर अनडिफाइंड.

लांबी मोजताना बाइट मोजा, अक्षरं नाही. आपल्याला हे जास्त लक्षात ठेवायला हवं कारण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह) ३ बाइट खातो. पुणे नावाचं फोल्डर डोळ्याला दोन अक्षरं, पण काना मात्रा धरून ४ कोडपॉइंट म्हणजे १२ बाइट, महाराष्ट्र म्हणजे १० कोडपॉइंट, ३० बाइट. लिनक्सवर एका नावाची मर्यादा सहसा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीत ८५ कोडपॉइंटच. असं एक मराठी नावाचं फोल्डर टेस्टमध्ये ठेवाच, स्ट्रलेन बाइट देतं म्हणून सी मध्ये आपोआप बरोबर येतं, पण त्याच्यावर कुणी रॅपर (त्याला आतून बोलावणारं आपलं फंक्शन) लिहिलं असेल तर तिथे अक्षरं मोजून बफर घेतलेला लगेच उघडा पडतो. स्पेस आणि न्यूलाइन असलेलं नाव पण एकेक घ्या.

नल बफर दिला तर काय, हे पॉझिक्सने ठरवून दिलेलंच नाही, लायब्ररीप्रमाणे बदलतं. जीलिबसी स्वतः मॅलॉक करून, म्हणजे मेमरी घेऊन, देते, साइज ० असेल तर लागेल तेवढं, साइज दिली असेल तर तेवढंच आणि ते पुरलं नाही तर ईरेंज. अल्पाइनमध्ये असते ती मसल लायब्ररी पण मॅलॉक करून देते पण साइजकडे बघतच नाही. म्हणजे नल आणि साइज ३ दिली तर जीलिबसीवर फेल, मसलवर पास, दोघीही आपापल्या जागी बरोबर. टेस्ट पोर्टेबल हवी असेल तर नल सोबत फक्त साइज ० वापरा, मिळालेला पॉइंटर फ्री करा, आणि लीक सॅनिटायझर (फ्री न केलेली मेमरी पकडणारं टूल) लावून फेल होणाऱ्या वाटेवरही मेमरी फ्री व्हायची राहत नाही ना ते बघा.

लांब पाथची टेस्ट मजेदार आहे. २५० अक्षरी इंग्रजी नाव घ्या, मेकडिर करा, त्यात चेंजडिर करा, पुन्हा तेच, असं १७ वेळा. प्रत्येक पायरीला स्लॅश धरून २५१ बाइट म्हणजे ४२६७, लिनक्सच्या पाथमॅक्स या पाथच्या लांबीच्या मर्यादेच्या, म्हणजे ४०९६ च्या, पलीकडे. हे सगळं रिलेटिव्ह नावानेच करावं लागतं, पूर्ण पाथ दिला तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ईनेमटूलाँग (नाव अति लांब) म्हणून हाकलून देतो. आता ८१९२ चा बफर देऊन कॉल करा. जीलिबसीमध्ये कर्नलला केलेला सिस्टिम कॉल जमत नाही म्हटल्यावर ती स्वतः डबल डॉटने वर वर चढत, प्रत्येक ठिकाणी आयनोड जुळवत पूर्ण पाथ बांधते, म्हणून उत्तर मिळायलाच हवं. मसल असं करत नाही, ती नल आणि ईनेमटूलाँग देते. आणि बघा, इथे वरची स्टॅटवाली युक्ती चालत नाही कारण इतक्या लांब पाथवर स्टॅटही फेल होतो, म्हणून इथे अपेक्षित स्ट्रिंग स्वतः बांधून जुळवा, सुरुवातीच्या फोल्डरच्या पाथला दर पायरीला एक स्लॅश आणि नाव जोडत. परत येताना एकेक पायरी वर या आणि रिमूव्हडिर करा.

परमिशनची टेस्ट बऱ्याच जणांची चुकते. वरच्या फोल्डरची परमिशन काढली की ईअ‍ॅक्सेस म्हणजे परमिशन नाही हा एरर यायला हवा असं वाटतं, पण लिनक्सवर साध्या लांबीच्या पाथला उत्तर कर्नल देतो आणि तो परमिशन बघत नाही, त्यामुळे कॉल यशस्वी होतो. जीलिबसीच्या वर चढणाऱ्या वाटेवर मात्र फोल्डर वाचावं लागतं, तिथे ईअ‍ॅक्सेस खरंच येतो, म्हणजे ही टेस्ट लांब पाथवरच लिहा. आणि रूट युजर (सगळे अधिकार असलेला) असाल तर परमिशन लागूच होत नाही, कंटेनरमध्ये टेस्ट सहसा रूट म्हणूनच चालतात, तेव्हा इफेक्टिव्ह युजर आयडी ० असेल तर टेस्ट स्किप करा, ऑटोमेक या बिल्ड टूलमध्ये त्यासाठी एक्झिट कोड ७७ आहे.

पायाखालचं फोल्डर हलवायच्या टेस्ट लिहायला दोन मिनिटं लागतात. आत उभं राहून फोल्डरचं नाव बदला, लिनक्सवर गेटसीडब्ल्यूडीने नवीन नाव द्यायला हवं. आत उभं राहून फोल्डर डिलीट करा, ईनोएंट (असं काही नाही) यायला हवा. मग त्याच नावाचं फोल्डर परत बनवा आणि पुन्हा विचारा, तरीही ईनोएंटच यायला हवा कारण नाव तेच असलं तरी तुम्ही ज्यात उभे आहात ते फोल्डर ते नाही, आणि जुनं उत्तर कॅश करून ठेवणारं रॅपर इथेच सापडतं.

शेवटची एक, लिनक्सपुरती. चाइल्डमध्ये अनशेअरने नवीन युजर नेमस्पेस (युजर आणि अधिकारांचं वेगळं जग) घ्या, करंट डिरेक्टरी न बदलता आतल्या एका फोल्डरवर चेंजरूट करा, म्हणजे त्यालाच रूट फोल्डर करा, मग तुम्ही नवीन रूटच्या बाहेर उभे राहता. लिनक्स २.६.३६ पासून कर्नल अशा वेळी पाथच्या आधी कंसात अनरीचेबल असा शब्द लावून देतो, स्लॅशने सुरू न होणारा पाथ, आणि तो जसाच्या तसा पुढे गेल्यामुळे जीलिबसीच्या रिअलपाथ या फंक्शनमध्ये बफरच्या आधीच्या जागेत लिहिलं जायचं, सीव्हीई २०१८-१०००००१ तो हाच. जीलिबसी २.२७ पासून गेटसीडब्ल्यूडी अशा वेळी नल आणि ईनोएंट देतं, तेवढंच असर्ट करा. काही मशीनवर युजर नेमस्पेस बंद ठेवलेली असते, अनशेअर फेल झालं तर तिथे फेल न दाखवता स्किप दाखवा.