नॉर्थ बेरिकचा उन्हाळा कसा अनुभवावा

एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून गाडी पकडली की अर्ध्या-पाऊण तासात नॉर्थ बेरिक हे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं गाव येतं. नोकरीनिमित्त या बाजूला नव्याने आला असाल तर एक आधीच सांगते, इथल्या उन्हाळ्याला आपल्या वैशाखाचं माप लावू नका. दुपारी १८-१९ अंश झाले तरी अख्खं गाव वाळूत उतरतं. आपणही उतरायचं.

सकाळी आधी वारा कुठून येतोय ते बघा. पूर्वेचा असेल तर ‘हार’ येऊ शकते. हार म्हणजे समुद्रावरचं धुकं. उबदार हवा गार नॉर्थ सीवरून येताना थंडावते आणि धुकं होऊन किनाऱ्यावर पसरते. पहिल्या वर्षी लख्ख ऊन बघून मी मुलांना नुसत्या टी-शर्टवर नेलं होतं. समोरचं बेट कमरेपर्यंत पुसलं गेलं, मग नाहीसंच झालं, आणि थोड्याच वेळात धाकटी कुडकुडायला लागली. तेव्हापासून स्वेटर आणि वाऱ्याचं जॅकेट पिशवीतून काढलेलं नाही.

मग भरती-ओहोटीच्या वेळा बघा. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मिल्सी बेच्या वाळूत बांध घातलेलं एक तळं आहे. भरतीला ते भरतं आणि ओहोटीलाही त्यात पाणी राहतं. लहान मुलांना डुंबायला ते उत्तम. मोठ्यांना खुल्या समुद्रात ‘डूक’, म्हणजे डुबकी, मारायची असेल तर ऑगस्टमध्ये मारा. तेव्हाही पाणी १४ अंशांच्या आसपासच असतं. एकदम सूर मारू नका. हळूहळू आत जा, श्वास ताळ्यावर आला की मगच पोहा. एकट्याने तर जाऊच नका.

आता खरी गोष्ट, बास रॉक. समुद्रातून उभा वर आलेला हा ज्वालामुखीचा खडक लांबून बर्फ पडल्यासारखा पांढरा दिसतो. ती सगळी गॅनेट पक्ष्यांची आणि त्यांच्या विष्ठेची करामत. या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातलं ‘बासानस’ याच खडकावरून आलं. बंदराजवळच्या स्कॉटिश सीबर्ड सेंटरमधून बोटींची तिकिटं मिळतात. आधीच काढून ठेवा, आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द होते हे धरून चाला. जून ते जुलैचा पूर्वार्ध निवडलात तर क्रेगलीथ बेटाजवळचे पफिन पक्षीही दिसतील, ऑगस्टपर्यंत ते निघून जातात. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने इथले हजारो गॅनेट मेले. तरीही खडकाजवळ गेल्यावर कान भरून जातात. एखादा पक्षी वर क्षणभर थबकतो, पंख मागे ओढतो आणि बाणासारखा पाण्यात घुसतो. मी दरवर्षी जाते, आणि दरवर्षी तो एक सूर बघायला मिळाला की तिकिटाचे पैसे वसूल.

भूक लागली की हॅडॉक मासा आणि चिप्स घ्या. दुकानदार ‘सॉल्ट अँड सॉस?’ विचारेल, बिनधास्त हो म्हणा. हा आंबटसर तपकिरी सॉस एडिंबराच्या आसपासची खासियत आहे. शाकाहारी असाल तर मात्र चिप्स कशात तळल्यात ते आधी विचारा, काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात. आणि सीगलकडे पाठ करून खाऊ नका!

रात्रीचं जेवण लवकर उरकून नॉर्थ बेरिक लॉ चढा. ही १८७ मीटरची टेकडी गावाला लागूनच आहे. उतारावर एक्समूर जातीचे घोडे चरत असतात, त्यांना खायला घालू नका. माथ्यावर व्हेलच्या जबड्याची कमान आहे. मूळ हाडं कुजल्याने काढली, २००८ पासून तिथे प्रतिकृती आहे. जूनअखेरीस सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, तोवर कमानीखाली बसा. एक थर्मास चहा न्या, वर वारा झोंबतो. उतरतानाही बराच उजेड असतो, तरी टॉर्च जवळ असू द्या. वाटेतले दगड निसरडे आहेत.