साल्सिफाय घरच्या बागेत कसं लावायचं: वाफ्याच्या तयारीपासून बी धरण्यापर्यंत

साल्सिफाय हे मुळासाठी लावायचं पीक आहे, सूर्यफूल आणि लेट्यूसच्या कुळातलं, मूळचं भूमध्य समुद्राच्या आसपासचं. मूळ गाजरासारखं निमुळतं पण बारीक, मळकट पांढऱ्या सालीचं, 20 ते 30 सेंटीमीटर लांब आणि अंगावर बारीक तंतू. वरची पानं बघितली तर सरळ गवतच वाटतं. चवीला सौम्य, किंचित गोडसर, काही लोकांना ती कालवांसारखी लागते आणि त्यामुळेच ही भाजी ओळखली जाते, पण कालवं शोधत खाल्लं तर निराश व्हाल, त्यापेक्षा एक वेगळीच मऊ, खमंग कंदभाजी समजून खा.

विकत फारशी न मिळण्याचं कारणही सरळ आहे. तयार व्हायला चार ते पाच महिने घेतं, आणि एकदा उपटलं की मूळ लवकर सुकून लिबलिबीत पडतं. म्हणजे खरी चव पाहिजे तर घरीच लावायला हवं, आणि जमिनीतून काढलं की त्याच दिवशी शिजवायला हवं. काळ्या सालीचं, पिवळ्या फुलांचं स्कॉर्झोनेरा नावाचं दुसरं पीक आहे, त्यालाही काळं साल्सिफाय म्हणतात, त्याची पानं रुंद असतात. लागवड जवळपास सारखीच, त्यामुळे खाली जे सांगतोय ते त्यालाही चालेल.

कधी पेरायचं

पेरणीपासून काढणीपर्यंत 120 ते 150 दिवस धरा. मुळं भरायची वेळ थंड दिवसांत आली पाहिजे, कारण थंडी लागली की मुळातल्या साठवणीचं साखरेत रूपांतर होऊन गोडवा वाढतो. त्यामुळे थंडीपासून उलटं मोजा. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे वसंतात मातीनं जरा ऊब धरली की पेरायचं, आणि जिथे उन्हाळा कडक पण हिवाळा सौम्य असतो तिथे उन्हाचा जोर ओसरल्यावर पेरायचं. भर उन्हाळ्यात मुळं पोसायला लावू नका, ती दोरीसारखी चिवट होतात.

वाफा: निम्मी मेहनत इथेच आहे

हे सोटमूळ आहे, सरळ खाली जातं, आणि वाटेत खडा, ढेकूळ किंवा कुजकं लाकूड आलं की लगेच दोन-तीन फाटे फुटतात, मग ते सोलणं म्हणजे नुसता वैताग. म्हणून माती किमान 40 सेंटीमीटर खोल भुसभुशीत करा, खडे वेचून काढा, ढेकळं हातानं फोडा, आणि हे सगळं वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना करा, चिखलात खणलं तर माती उलट घट्ट बसते. मातीचा सामू (पीएच) 6 ते 7 च्या दरम्यान असला की उत्तम.

ताजं शेणखत अजिबात नको. त्यानंही मुळांना फाटे फुटतात, आणि नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि खाली मूळ बारीकच राहतं. आदल्या हंगामात ज्या वाफ्याला भरपूर खत घातलं होतं तो वाफा सगळ्यात चांगला, नाहीतर पूर्ण कुजलेलं, चाळलेलं कंपोस्ट थोडंसं मिसळा, तेवढं पुरतं.

जमीन भारी चिकण असेल तर सगळा वाफा बदलायच्या भानगडीत न पडता एक युक्ती करा: पहार जमिनीत घुसवून गोल फिरवा, साधारण 40 सेंटीमीटर खोल शंकूसारखं भोक पडतं, त्यात वाळू, चाळलेली माती आणि जुनं कंपोस्ट यांचं मिश्रण भरा आणि वर दोन-तीन बिया टाका. कष्ट आहेत, पण मुळं सरळ निघतात. कुंडीतही जमतं, फक्त ती 45 सेंटीमीटर तरी खोल पाहिजे आणि पाणी खालून नीट निघून गेलं पाहिजे. पसरट कुंडी घेऊ नका.

पेरणी

बी दरवर्षी नवीन घ्या. साल्सिफायच्या बियांची उगवणशक्ती झपाट्यानं कमी होते, दोन वर्षं पडून राहिलेल्या पाकिटावर भरवसा ठेवू नये. बिया काडीसारख्या लांबट असतात त्यामुळे चिमटीत धरून एकेक टाकता येतात, हे फार बरं. दीड सेंटीमीटर खोल काकरी ओढा, त्यात 3-4 सेंटीमीटरवर एकेक बी ठेवा, दोन ओळींत 30 सेंटीमीटर अंतर, वर बारीक माती, आणि हलक्या हातानं पाणी. वेगळी रोपं करून नंतर लावायच्या फंदात पडू नका, सोटमूळ एकदा हललं की वाकडंच वाढतं, जिथे वाढवायचं तिथेच पेरायचं.

उगवायला एक ते तीन आठवडे लागतात आणि या काळात वरची माती कडक झाली की कोंब आतच अडकतो, म्हणून रोज थोडा ओलावा ठेवा, वाटलं तर ओलं गोणपाट टाका पण पहिला कोंब दिसला की लगेच काढा. त्याच ओळीत मधेमधे मुळ्याचं बी टाकून ठेवायची पद्धत मला फार आवडते, मुळा चार-पाच दिवसांत उगवतो त्यामुळे ओळ कुठे आहे ते कळतं, वरचा थरही मोकळा राहतो, आणि साल्सिफायला जागा लागेपर्यंत मुळा खाऊनही होतो.

ओळ कळणं इतकं महत्त्वाचं का, तर कोवळं रोप अगदी गवताच्या पात्यासारखं दिसतं आणि निंदणी करताना लोक पीकच उपटून टाकतात. ओळीच्या दोन्ही टोकांना खुंटी मारून दोरी बांधा, आणि रोपं ओळखू येईपर्यंत ओळीतलं तण हातानंच काढा.

विरळणी, पाणी, आच्छादन

रोपं बोटभर उंच झाली की 8 ते 10 सेंटीमीटरवर एक असं ठेवून बाकीची कात्रीनं जमिनीलगत कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. जिवावर येतं हे मान्य, पण दाटीत एकही मूळ पोसत नाही.

पाणी आठवड्याला साधारण 2.5 सेंटीमीटर पावसाइतकं, पाऊस पडला तर तेवढं कमी. रोज शिंपडण्यापेक्षा एकदाच खोलवर भिजवा म्हणजे मूळ खाली जातं. माती पूर्ण सुकवून मग एकदम भरपूर पाणी दिलं तर मुळं तडकतात, आणि सतत कोरडी राहिली तर धागे धरतात, त्यामुळे वाळलेल्या गवताचं किंवा पाल्याचं आच्छादन टाकाच. जास्तीचं खत सहसा लागत नाही. खुरपं मुळाजवळ खोल घालू नका, जखम झाली की पांढरा चीक गळतो.

पहिल्याच वर्षी एखाद्या झाडाला फुलाचा दांडा आला तर ते मूळ लाकडासारखं होणार, काढून टाका.

रोगांत मुख्य म्हणजे पांढरा तांबेरा, पानांवर पांढरे उंचवटे फोडांसारखे दिसतात. ती पानं तोडून बागेबाहेर टाका, पाणी पानांवर न मारता मुळाशी द्या, आणि त्याच जागी निदान तीन वर्षं हे पीक परत घेऊ नका. भुरी आणि मावा कधीकधी येतात, मावा पाण्याच्या फवाऱ्यानं जातो. कोवळ्या रोपांवर गोगलगाई लक्ष ठेवून असतात, संध्याकाळी एक चक्कर मारून वेचा. पाणी साचलं की मात्र मुळं कुजतात आणि त्यावर इलाज नाही.

काढणी

मूळ वरच्या बाजूला अंगठ्याएवढं, साधारण 2 ते 2.5 सेंटीमीटर जाड झालं की खायला तयार. पण घाई नको, दोन-तीन वेळा चांगली थंडी पडू द्या. पानं धरून ओढायचं नाही, मूळ हमखास तुटतं आणि चीक वाहून चव जाते. ओळीपासून थोडं लांब काटेफावडं खोल घालून माती आधी सैल करा, मग अलगद उचला.

सगळं एकदम काढू नका, जमीन हेच याचं सगळ्यात चांगलं कोठार आहे. वर 15 सेंटीमीटर गवत घाला आणि लागेल तसं काढत राहा, फक्त त्या गवताखाली उंदीर घर करत नाहीत ना बघत जा. काढावंच लागलं तर पाला कापून, न धुता, ओलसर वाळूत थंड जागी ठेवा. फ्रिजमध्ये भोकं पाडलेल्या पिशवीत एक-दोन आठवडे बरं राहतं.

सोलताना हात चिकट आणि तपकिरी होतात, हातमोजे घाला. सोललेला तुकडा लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाका नाहीतर काळा पडतो. त्याहून सोपं म्हणजे सालीसकट उकडायचं आणि मग साल चोळून काढायची. 10 ते 20 मिनिटांत शिजतं, सुरी सहज गेली की बंद करा, पुढे त्याचा लगदा होतो. यात इन्युलिन नावाचा न पचणारा तंतुमय घटक भरपूर असतो, काहींना गॅस होतो, त्यामुळे पहिल्यांदा थोडंच खा.

दुसरं वर्ष

हे पीक द्विवर्षायू, म्हणजे दोन वर्षं जगणारं आहे. काही मुळं जमिनीतच ठेवलीत तर थंडी संपल्यावर कोवळे फुटवे येतात, ते 10-15 सेंटीमीटरचे झाले की कापून भाजी करा, फुलाच्या कळ्याही न उमललेल्या असताना शिजवून खाता येतात. आणि दोन-तीन झाडं फुलायला सोडाच, जांभळी फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात, बघायची असतील तर सकाळीच बागेत जा.

नंतर फुलाचा लांबूनही दिसेल असा मोठा गोल पिसारा होतो, आणि वारा लागला की बिया म्हाताऱ्या होऊन पार शेजारपाजारी पोचतात. उत्तर अमेरिकेत हे असंच बागेबाहेर पसरलं आणि तिथे पिवळ्या फुलांच्या दुसऱ्या परदेशी भाईबंदाशी संकर होऊन एक नवीच जात तयार झाली, मॅरियन ओन्बी या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचं वर्णन 1950 मध्ये केलं. त्यामुळे तुमच्या आसपास असे जंगली भाऊबंद उगवत असतील तर घरचं बी धरू नका. नसतील तर पिसारा उघडायच्या बेतात असतानाच त्यावर कागदी पिशवी बांधा, बी सुकलं की काढा, कोरड्या डब्यात ठेवा आणि पुढच्याच हंगामात पेरून टाका. बाकीची बोंडं उघडायच्या आधी कापून टाका.