पुन्हा साच्यात घालता येणारे रबर कसे तयार करावे

चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधकाने रबर पक्के करण्याची रीत शोधली. परंतु त्या रीतीने पडणारे बंध सहजी सुटत नसल्यामुळे जुना टायर वितळवून पुन्हा साच्यात घालता येत नाही. आपल्याला हवेत ते तापल्यावर जोडीदार बदलणारे बंध.

त्यासाठी इपॉक्सिडीकृत नैसर्गिक रबर (ज्याच्या लांब रेणू-साखळ्यांवर ऑक्सिजनची छोटी कडी बसवलेली असतात) घेऊन दोन रोलच्या मिलवर त्यात साखळ्या एकमेकींना जोडणारे डायथायोडायब्युटिरिक आम्ल आणि प्रक्रियेला वेग देणारे डायमिथाइल इमिडाझोल मिसळावे. प्रत्येक सांध्यात गंधकाच्या दोन अणूंचा बंध बसतो, आणि सारी किमया त्याचीच आहे. शीट कापून, घडी घालून पुन्हा पुन्हा रोलमधून काढावी. मिश्रण एकजीव झाले नाही, तर पुढची कोणतीही चाचणी विश्वासार्ह ठरत नाही. मग हॉट प्रेसमध्ये १८० अंश सेल्सिअसला ते पक्के करावे; वेळ रिओमीटरच्या (तापताना रबर किती घट्ट होत जाते ते मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावरून ठरवावी.

धूर खेचणाऱ्या कपाटात एक तुकडा टोल्युइन या द्रावकात बुडवावा. तो फुगला, पण विरघळला नाही, तर साखळ्यांचे जाळे तयार झाले असे समजावे.

आता पट्टी ब्लेडने सरळ कापावी, ताज्या कडा बोट न लावता लगेच जुळवाव्यात आणि साच्यात दाबून १५० अंशांच्या वर तापवावे. दुसरी पट्टी बारीक करून तशीच दाबावी. दोन्हींची ताणशक्ती न कापलेल्या पट्टीशी ताडून पाहावी, आणि तुलनेसाठी नेहमीचे गंधकी रबरही त्याच क्रमाने तपासावे.

असे रबर १०० अंशांच्या खाली नेहमीच्या रबरासारखे वागते. त्याहून उष्ण जागी वापरायचे असल्यास सतत भाराखाली ते किती लांबते, हे आधी मोजावे.