मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

अंतर सोपं आहे. मुंबई ते हीथ्रो, हवाई मार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर. मोजून बघायचं असेल तर पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, तिथली अंतरं ताणलेली असतात. आकडा मैलांत दिला असेल तर मैल कुठला ते बघा: विमानवाल्यांचा सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, रस्त्यावरचा १.६०९ चा.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरून ‘आठ तास’ सांगणाऱ्यांचं ऐकू नका. धावपट्टी गाठणं, वर चढणं, खाली येणं यातच अर्धा-पाऊण तास जातो. वर जेट स्ट्रीमचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे जाताना ते तोंडावर येतात आणि परतताना पाठीशी असतात. म्हणून जायला साधारण दहा तास आणि यायला नऊ धरा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा पडून वेळ आणखी वाढला. त्यामुळे कंपनी कुठली, तेही बघून घ्या.

खरी फसगत घड्याळात होते. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची लंडनची असते. दुपारी १.३० ला सुटून संध्याकाळी ६ ला पोहोचणारं विमान साडेचार तासांत जात नाही. सरळ वजाबाकी कधीच करू नका. आधी लंडनची वेळ भारतीय करून घ्या: हिवाळ्यात साडेपाच तास मिळवा, उन्हाळ्यात साडेचार. हिवाळ्यात ६ म्हणजे आपले रात्रीचे ११.३०, प्रवास दहा तासांचा.

ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. हे मी एकदा विसरलो. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, आईचं विमान पुढे ढकललं आणि निरोपात फक्त सुटण्याची नवी वेळ आली. मी दहा तास मिळवून सवयीने साडेचार वजा केले. भाचा मी सांगितलेल्या वेळेला पोहोचला, तेव्हा तासाभरापूर्वी उतरलेली आई व्हीलचेअरवर, मांडीवर पिशवी घट्ट धरून, दाराकडे बघत बसली होती. तिच्याकडे तिथे चालणारा फोनही नव्हता. तेव्हापासून तारीख बघितल्याशिवाय मी हिशेबाला हात लावत नाही.

पडताळ्यासाठी काट्यांचं घड्याळ उलटं धरा, सहाचा आकडा वर. भारतात १२ वाजले असतील तर काटे साडेसहा दाखवतील. हीच लंडनची हिवाळ्यातली वेळ. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवा.

परतीच्या तिकिटावर वेळेशेजारी ‘+१’ असेल तर दुसरा दिवस समजा. हिवाळ्यात रात्री ९ ला निघून सकाळी ११.३० ला मुंबई: साडेचौदातून साडेपाच गेले, नऊ तास.

घ्यायला येणाऱ्याला निरोप पाठवताना वार, तारीख आणि ‘तिकडची वेळ’ हे शब्द लिहाच.