आयर्लंडमधलं युरोपीय मतदान: आधी नावापुढचं अक्षर बघा

आयर्लंडमध्ये मत द्यायला नागरिकत्व लागतं का? कोणती निवडणूक, त्यावर उत्तर अवलंबून आहे. नवीन आलेल्यांचा गोंधळ होतो, कारण युरोपीय संसदेची आणि इथल्या काउन्सिलची (स्थानिक पालिकेची) निवडणूक दर पाच वर्षांनी एकाच दिवशी होते. २०२४ मध्ये ती शुक्रवारी, ७ जूनला झाली. केंद्र एक, रांग एक, पण एकाच्या हातात दोन कागद (मतपत्रिका) आणि शेजाऱ्याच्या हातात एकच. पुढची फेरी २०२९ मध्ये आहे.

कोणाला किती कागद मिळणार, हे मतदार यादीतलं एक इंग्रजी अक्षर ठरवतं. भारतीय पासपोर्ट असेल तर नावापुढे 'एल' येतं, म्हणजे फक्त काउन्सिल. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना 'डी': काउन्सिल आणि इथली संसद म्हणजे डॉल, पण ब्रेक्झिटनंतर युरोपीय संसद नाही. युरोपीय संघाच्या दुसऱ्या एखाद्या देशाचं नागरिकत्व असेल तर 'ई': काउन्सिल आणि युरोप, पण डॉल नाही. अक्षरच नसेल तर तुम्ही आयरिश नागरिक आणि सगळी मतदानं तुमची. तुमचा व्हिसा, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, यांचा या अक्षराशी काहीही संबंध नाही. इथे राहता आणि वय १८ पूर्ण आहे, एवढं काउन्सिलच्या मताला पुरतं. मुलं १६-१७ वर्षांची असतील तर त्यांची नावं आगाऊ नोंदवता येतात.

युरोपच्या कागदासाठी 'एल' पुसायचं असेल तर आयरिश नागरिकत्व घ्यावं लागतं, आणि तिथे कॅलेंडर घेऊन बसा. मागच्या नऊ वर्षांत मिळून पाच वर्षांचं ग्राह्य वास्तव्य लागतं, त्यातलं अर्जाआधीचं शेवटचं वर्ष सलग. विद्यार्थी म्हणून स्टॅम्प दोनवर (शिक्षणासाठीच्या राहण्याच्या परवान्यावर) काढलेली वर्षं यात धरत नाहीत. एमएस करून नोकरीला लागलेल्यांचा हिशेब इथेच चुकतो: सहा वर्षं झाली म्हणून अर्ज भरायला बसतात आणि मोजणीत चारच निघतात. शेवटच्या वर्षात देशाबाहेर साधारण ७० दिवसांपर्यंत राहिलं तर चालतं. आईवडिलांकडे तीन महिने राहून आलात तर अडचण येऊ शकते. अर्जाचे १७५ युरो, मंजुरीनंतर प्रौढांसाठी ९५० युरो, आणि मधली वाट बघणं वेगळं. २०२४ च्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर जो नोकरीवर आला, त्याची पाच वर्षं २०२९ च्या जूनपर्यंत भरतच नाहीत. त्याने युरोपच्या मताची आशा २०३४ वर ठेवावी आणि काउन्सिलचं मत मात्र सोडू नये. पाणंद, कचरा, खेळाचं मैदान हे सगळं तिथेच ठरतं.

नागरिकत्वाचा शपथविधी झाला म्हणून यादीतलं अक्षर आपोआप बदलत नाही, ते तुम्हीच बदलून घ्यायचं. दुसरीकडे, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, तिथल्या मतदार यादीतलं नाव काढावं लागतं, आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर) भारतात मत मिळत नाही. भारतीय पासपोर्ट हातात आहे तोवर फॉर्म ६ए भरून गावच्या यादीत अनिवासी मतदार म्हणून राहता येतं, पण मत टाकायला स्वतः जावं लागतं. हा सौदा कोणाला परवडतो, हे ज्याचं त्याने ठरवायचं. फक्त एका मतासाठी कोणी पासपोर्ट बदलत नाही, हेही खरं.

गोव्याच्या मंडळींची गोष्ट वेगळी. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांच्या कुटुंबांतून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इथे आलेले बरेच आहेत. त्यांना पहिल्या दिवसापासून 'ई'चा हक्क आहे, पाच वर्षं थांबायला नको. पण नुसती नोंदणी पुरत नाही. इथल्या युरोपीय मतदानासाठी 'ईपी १' नावाचं वेगळं निवेदन भरावं लागतं: मी इथे मत देणार, पोर्तुगालमध्ये देणार नाही. हा कागद काउन्सिलकडून पोर्तुगालला कळवला जातो, म्हणून तो नोंदणीच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दोन्हीकडे मत देणं गुन्हा आहे. आणि नवऱ्याचा पासपोर्ट पोर्तुगीज, बायकोचा भारतीय असेल तर घर एक पण अक्षरं दोन, तिला 'एल'च.

नोंदणी

सरकारच्या 'चेक द रजिस्टर' या संकेतस्थळावर पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (घराचा पिनकोड) टाकून दहा मिनिटांत काम होतं. दिलेला तपशील पीपीएसच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो, आणि आपल्या नावांची पंचाईत इथे होते. पीपीएस काढताना पासपोर्टप्रमाणे स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र 'पहिलं नाव' म्हणून गेलेलं असतं, इथे मात्र आपण वडिलांचं नाव गाळतो. पीपीएसच्या पत्रावर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट, टाका. पीपीएस नंबर नसेल तर कागदी फॉर्म घेऊन ओळखपत्रासह गार्डा (पोलीस) स्टेशनात सही-शिक्का घ्यावा लागतो.

मुदत मतदानाच्या पंधरा दिवस आधी संपते, पण त्यात रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. म्हणून २०२४ ला ७ जूनसाठी शेवटची तारीख २० मे होती. भाड्याचं घर बदललं की पत्ता बदला. नाहीतर मतपत्रिका जुन्या भागातली आणि केंद्र जुन्या घराजवळचं. जुन्या भाडेकरूच्या नावाने आलेलं मतदान कार्ड कुतूहल म्हणूनही वापरू नका, पाकिटावर 'इथे राहत नाहीत' लिहून परत पोस्टात टाका.

युरोपीय संसदेचे मतदारसंघ तीन: डब्लिन ४ जागा, साउथ ५, मिडलंड्स-नॉर्थ-वेस्ट ५. संसदेच्या एकूण ७२० जागांपैकी आयर्लंडच्या १४. नोकरी डब्लिनला म्हणून मतदारसंघ डब्लिन होत नाही. नेस, नॅव्हन किंवा ड्रॉहेडाला घर असेल तर तुम्ही मिडलंड्स-नॉर्थ-वेस्टचे. ब्रे किंवा ग्रेस्टोन्सला असेल तर साउथचे. रोज ट्रेनच्या खिडकीतून डब्लिनच्या उमेदवारांची पोस्टरं बघून मनात नाव पक्कं केलेल्याला मतपत्रिकेवर ते नाव सापडतच नाही.

पेन्सिल आणि आकडे

केंद्र बहुधा शाळेत, सकाळी ७ ते रात्री १०. सुट्टी नसते, शाई लागत नाही, यंत्रही नाही. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा फोटोचं ऑफिस कार्ड जवळ ठेवा, कारण ओळखपत्र मागू शकतात. पोस्टाने आलेलं मतदान कार्ड विसरलात तरी मत देता येतं.

खरी गडबड कागदावर होते. इथे फुली मारायची नाही, पसंतीचे आकडे लिहायचे: १, २, ३. मिडलंड्स-नॉर्थ-वेस्टमध्ये २०२४ ला २७ उमेदवार होते, म्हणजे ती मतपत्रिका पडवीत वाळत घालण्याएवढी लांब. घरीच क्रम ठरवून चिठ्ठी खिशात घेऊन जा. पहिला आकडा दोघांना दिला की मत बाद. १, २, ४ लिहिलं तर २ पर्यंतच धरतात. नाव, सही, शेरा, म्हणजे तुम्ही कोण ते कळेल असं काहीही, लिहू नका. आणि दोन कागद असतील तर दुसऱ्यावर पुन्हा १ पासून सुरुवात करा. युरोपच्या कागदावर १, २, ३ आणि काउन्सिलच्या कागदावर ४, ५, ६ असं लिहिणारे दर वेळी निघतात, आणि तो दुसरा कागद वाया जातो.

आकड्यांचं गणित समजलं की भीती जाते. वैध मतांना जागांपेक्षा एकने जास्त संख्येने भागायचं आणि एक मिळवायचं. डब्लिनला ३,७५,००० वैध मतं पडली असं धरा: भागिले ५, म्हणजे ७५,०००, अधिक एक, कोटा ७५,००१. ज्याला कोटा मिळाला तो निवडून आला. त्याच्यावरची जास्तीची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. कोणाला कोटा मिळत नसेल तर सगळ्यात खालचा बाद होतो आणि त्याच्या कागदांवरचा पुढचा आकडा बघतात. शेवटच्या जागेवर कोटा न गाठताही माणूस निवडून येऊ शकतो.

म्हणजे दुसरी पसंती दिल्याने पहिल्याचं नुकसान होत नाही. पहिल्याचं काम झाल्यावर किंवा तो बाद झाल्यावरच ती उघडते. नुसता १ लिहिणं चालतं, पण तुमचा माणूस लवकर बाद झाला तर कागद बाजूला पडतो. आमचं मत असं की नावडत्यांमध्येही कमी नावडता कोण, हे ठरवता येईपर्यंत आकडे लिहीत जा. शेवटी दोन नकोसे उरले तर निवड त्या खालच्या आकड्यांवर होते.

निकालाची घाई नको. पेट्या शनिवारी उघडतात, पण बाकीच्या देशांतलं मतदान रविवारी रात्री संपेपर्यंत युरोपचे आकडे जाहीर करता येत नाहीत; इथले रात्रीचे दहा वाजतात. त्यानंतरही फेऱ्यांमागून फेऱ्या कित्येक दिवस चालतात. मधे एखादा सदस्य पद सोडून गेला तर पोटनिवडणूक होत नाही, आधीच दिलेल्या पर्यायी यादीतून माणूस येतो.

मतदानाआधीच्या महिन्यात उमेदवार किंवा त्यांची माणसं दारावर येतात. दार उघडा, 'आमचं मत नाही' म्हणून लावू नका, काउन्सिलचं आहेच. तुम्ही महाराष्ट्रातले हे कळल्यावर इथले माजी पंतप्रधान लिओ वराडकरांचा विषय निघू शकतो. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, एवढं सांगून मुद्द्यावर या. मात्र व्हिसा, स्टॅम्प चार, आयआरपी कार्डाची (राहण्याच्या परवान्याच्या कार्डाची) तारीख यांसाठी युरोपीय सदस्याला धरू नका. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही आणि युरोपीय ब्लू कार्डाच्या (कुशल नोकरदारांच्या परवान्याच्या) योजनेतही नाही. ती कामं डब्लिनच्या न्याय खात्याची, त्यासाठी तुमच्या भागातला टीडी (डॉलचा सदस्य) गाठा. युरोपीय सदस्याला विचारायचं ते विमान रद्द झाल्याची भरपाई, रोमिंग, औषधं, अन्नावरची लेबलं, कामाचे तास यांबद्दल. 'एल'वाल्यांनाही एक वाट मोकळी आहे: युरोपीय संघात राहणारी कोणतीही व्यक्ती, नागरिक नसली तरी, युरोपीय संसदेकडे याचिका करू शकते. ती संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी एकीत हवी; आयरिश चालते, मराठी नाही.

आणि विमानाची तिकिटं. मतदान जूनच्या सुरुवातीला, माध्यमिक शाळांच्या सुट्ट्या त्याच सुमारास लागतात, आणि निम्मी मंडळी तोवर पुण्याला पोचलेली असतात. टपाली मत आजारपण, अपंगत्व, नोकरीची गरज किंवा घरापासून दूर शिक्षण अशा ठरावीक कारणांनाच मिळतं, सहलीसाठी नाही. परदेशातल्या वकिलातीत जाऊनही सामान्य आयरिश नागरिकाला मत देता येत नाही. २०२९ ची तारीख जाहीर झाली की आधी ती बघा, मग तिकीट काढा.